एका घरात दोन चुली: विंडोजशेजारी लिनक्स ठेवल्यावर फिरून फिरून येणाऱ्या अडचणी

लिनक्स वापरून विंडोजमध्ये परत आले की घड्याळ बरोबर साडेपाच तास मागे. विंडोजचा मोठा अपडेट झाला की लिनक्सचा मेनू गायब. लिनक्समधून डी ड्राइव्ह उघडतो, पण फाइल सेव्ह होत नाही. आणि गंमत म्हणजे परवा होत होती. ब्लूटूथ माउस रोज नव्याने जोडावा लागतो.

ड्युअल बूट केलेल्या, म्हणजे विंडोज आणि लिनक्स दोन्ही बसवलेल्या, घरच्या कॉम्प्युटरच्या तक्रारी बहुतेक याच असतात आणि त्यांचे मूळही एकच असते. दोन्ही सिस्टिम एकमेकींना विचारत नाहीत, पण चार गोष्टी सामाईक वापरतात: मदरबोर्डवरचे घड्याळ, बूटची (कोणती सिस्टिम सुरू करायची याची) यादी आणि तिच्या जोडीचे, सिस्टिम सुरू करणाऱ्या फाइल ठेवणारे छोटेसे ईएफआय पार्टिशन, डेटाची डिस्क, आणि ब्लूटूथची चिप. आपापल्या खोलीत दोघी नीट नांदतात; भांडण लागते ते सामाईक भिंतीवरून. म्हणून दोन सिस्टिम ठेवायच्या की नाही हे ठरवताना ‘लिनक्स चांगले की विंडोज’ हा वाद कामाचा नाही. या चारपैकी किती गोष्टी वेगळ्या काढता येतील, एवढेच बघायचे.

पुढे काही ठिकाणी टर्मिनलच्या आज्ञा आल्या आहेत. इथे त्या देवनागरीत आहेत. टाइप करताना इंग्रजी लहान अक्षरांत करा.

आधी गरज तपासा

लिनक्स नुसते शिकायचे असेल, पायथॉन किंवा सर्व्हरच्या आज्ञांचा सराव करायचा असेल, तर डिस्कला हातच लावू नका. विंडोज १० ची २००४ ही आवृत्ती आणि त्यापुढे, तसेच विंडोज ११ मध्ये डब्ल्यूएसएलची, म्हणजे विंडोजच्या आत लिनक्स चालवण्याची, सोय आहे. पॉवरशेल अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडा, ‘डब्ल्यूएसएल --इन्स्टॉल’ द्या आणि रीस्टार्ट करा. उबुंटू हे लोकप्रिय लिनक्स विंडोजच्या आतच बसते. इंजिनीअरिंगच्या पहिल्या-दुसऱ्या वर्षाच्या प्रॅक्टिकलना एवढे पुष्कळ झाले. पूर्ण डेस्कटॉप हवा असेल तर विंडोजच्या आत आभासी कॉम्प्युटर (व्हर्च्युअल मशीन) चालवणारे व्हर्च्युअलबॉक्स आहे, पण त्याला रॅम १६ जीबी असलेली बरी. ८ जीबीत पाहुण्या लिनक्सला ४ दिली की यजमान विंडोज रांगायला लागते. बायोसमध्ये (मशीन सुरू होताना उघडता येणारी मदरबोर्डची सेटिंग) इंटेलचे ‘व्हीटी-एक्स’ किंवा एएमडीचे ‘एसव्हीएम मोड’ चालू आहे का तेही बघा. ते बंद असेल तर व्हर्च्युअल मशीन सुरूच होत नाही आणि खापर उगाच व्हर्च्युअलबॉक्सवर फुटते.

उलट, काही कामांना खरे विंडोजच लागते. व्हॅलोरंटसारखा खेळ लिनक्सवर चालत नाही आणि व्हर्च्युअल मशीनमध्येही नाही; विंडोज ११ वर तर त्याला टीपीएम २.० (किल्ल्या जपणारी सुरक्षा सोय) आणि सिक्युअर बूट (मान्यता नसलेल्या प्रोग्रामवरून मशीन सुरू होऊ न देणारी सोय) दोन्ही चालू हवे असतात. ऑनलाइन परीक्षेच्या सेफ एक्झाम ब्राउझरची लिनक्स आवृत्ती नाही. टॅली, श्रीलिपी आणि तिच्यावर उभे असलेले जुने पेजमेकर-कोरलचे डीटीपी यांचे घर विंडोजच आहे. डिजिटल सहीचे यूएसबी टोकन लिनक्सवर चालवायचे तर टोकनचा ड्रायव्हर आणि सही करणारे सॉफ्टवेअर अशी दोन्ही टोके जुळवत बसावे लागते. आणि घराघरात, झेरॉक्सच्या दुकानादुकानात दिसणारा कॅननचा एलबीपी २९०० प्रिंटर लिनक्सवर चालवणे म्हणजे एका रविवारचा बळी. त्याची कॅप्ट नावाची स्वतःची भाषा आहे, सरधोपट ड्रायव्हर तिला ओळखत नाही. यातले एक जरी घरात असेल तर विंडोज पुसून फक्त लिनक्स ठेवण्याचा विचार सोडून द्या.

मग ड्युअल बूट खरोखर कुठे वसूल होते? विंडोज ११ च्या यादीत न बसणाऱ्या, पण ठणठणीत असलेल्या मशीनवर. विंडोज १० चा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, घरगुती ग्राहकांसाठीचे वाढीव सुरक्षा अपडेट १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतचे. विंडोज ११ ला टीपीएम २.० लागते आणि इंटेलचे प्रोसेसर ढोबळमानाने आठव्या पिढीपासून पुढचे. सहाव्या-सातव्या पिढीचा आय५, ८ जीबी रॅम आणि एसएसडी असलेले मशीन भंगारात घालण्यासारखे नक्कीच नाही. त्यावर नेट, बँक, मेल हे सगळे लिनक्सवर न्यावे आणि विंडोज १० हे टॅली-प्रिंटरपुरते, नेट तोडून ठेवावे. नवशिक्याने लिनक्स मिंट घ्यावे. मिंट २२ हे उबुंटू २४.०४ वर बांधलेले आहे आणि २०२९ पर्यंत त्याला सुरक्षा अपडेट आहेत. रॅम ४ जीबीच असेल तर त्याची हलकी एक्सएफसीई आवृत्ती.

मशीनमध्ये अजून फिरणारी हार्डडिस्क असेल तर ड्युअल बूटने वेग वाढत नाही. आधी एसएसडी घ्या, बाकीचे नंतर.

आणि एसएसडी घेणारच असाल तर सगळ्यात कमी कटकटीचा मार्ग तिथेच आहे: जुनी डिस्क विंडोजला, नवी लिनक्सला. डेस्कटॉपमध्ये अडीच इंची साटा एसएसडी सहज बसते. बऱ्याच लॅपटॉपमध्येही एम.२ ची दुसरी जागा रिकामी असते. दोन डिस्क म्हणजे दोन ईएफआय पार्टिशन, आणि चारांतली सगळ्यात त्रासदायक भिंत तिथेच वेगळी होते. इथे एक खोडा आहे, तो आधीच माहीत असावा. उबुंटू-मिंटचा इन्स्टॉलर लिनक्स दुसऱ्या डिस्कवर टाकतो खरा, पण बूटलोडर (सिस्टिम सुरू करणारा छोटा प्रोग्राम) बहुधा पहिल्या डिस्कच्या ईएफआय पार्टिशनमध्ये नेऊन ठेवतो, तुम्ही दुसरी डिस्क निवडलीत तरीही. महिन्याभराने विंडोजची डिस्क काढली की लिनक्सही उठत नाही. म्हणून इन्स्टॉल करताना विंडोजच्या डिस्कची केबल काढून ठेवा, किंवा बायोसमध्ये ती बंद करता येत असेल तर बंद करा. काम झाल्यावर पुन्हा जोडा आणि चालू करताना बूट मेनूच्या कळीने हवी ती डिस्क निवडा.

एकाच डिस्कवर बसवायचे असेल तर चार तपासण्या

पहिली, बूटची पद्धत. विंडोजमध्ये विन आणि आर दाबा, ‘एमएसइन्फो३२’ लिहा, उजवीकडे ‘बायोस मोड’ ही ओळ शोधा. तिथे यूईएफआय (नवी पद्धत) असेल तर लिनक्सचा पेनड्राइव्हही यूईएफआयमध्येच सुरू व्हायला हवा, लीगसी (जुनी पद्धत) असेल तर लीगसीमध्ये. बूट मेनूत एकच पेनड्राइव्ह दोनदा दिसतो, त्यातल्या एका नावापुढे यूईएफआय असते. घाईत चुकीची ओळ निवडली जाते, इन्स्टॉल बिनबोभाट पार पडते आणि मग दोन्ही सिस्टिम एका मेनूत कधीच येत नाहीत. एकीकडून दुसरीकडे जायचे तर प्रत्येक वेळी बायोसमध्ये शिरून मोड बदलावा लागतो.

जुन्या असेंबल केलेल्या मशीनवर लीगसी निघाले तर डिस्क बहुधा एमबीआर या पार्टिशनच्या जुन्या पद्धतीची असते, आणि एमबीआरवर प्रायमरी पार्टिशन फक्त चार होतात. सिस्टिम रिझर्व्ह्ड, सी, डी आणि ई मिळून चार झाले. लिनक्सला जागाच उरली नाही. अशा वेळी डिस्क मॅनेजमेंटमध्ये पाचवे पार्टिशन करायला गेलात तर विंडोज ‘डायनॅमिक डिस्क करू का’ असे विचारते. नाही म्हणा. डायनॅमिक डिस्कवर लिनक्सचा इन्स्टॉलर अडतो आणि परतीची वाट सोपी नाही. ई मधला डेटा हलवून ते पार्टिशन पुसणे हाच सरळ उपाय.

दुसरी, बिटलॉकर, म्हणजे डिस्क एन्क्रिप्ट (कुलूपबंद) करणारी विंडोजची सोय. विंडोज ११ च्या २४एच२ पासून मायक्रोसॉफ्ट खात्याने नवे इन्स्टॉल केले की डिस्क आपोआप एन्क्रिप्ट होते, होम आवृत्तीतही. मालकाला याची गंधवार्ताही नसते. सेटिंग्ज, मग प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, मग डिव्हाइस एन्क्रिप्शन इथे बघा. चालू असेल तर मायक्रोसॉफ्ट खात्यात जाऊन ४८ अंकी रिकव्हरी की कागदावर उतरवून घ्या. तिचा स्क्रीनशॉट त्याच डिस्कवर ठेवणे म्हणजे कुलपाची किल्ली कपाटात ठेवून कपाट लावून घेणे. यानंतर बायोसमध्ये सिक्युअर बूट किंवा बूटचा क्रम हलवला की विंडोज निळा पडदा दाखवून ही की मागू शकते. तो बिघाड नव्हे, तिचे कामच ते. की टाइप करा, पुढे जा. लिनक्स बसवताना मात्र एन्क्रिप्शन बंद करून, पूर्ण उलगडेपर्यंत थांबणे सोपे पडते.

तिसरी, साटा मोड, म्हणजे मशीनने डिस्कशी कसे बोलायचे याचे बायोसमधले सेटिंग. लिनक्सचा इन्स्टॉलर डिस्कच दाखवत नसेल तर बायोसमध्ये इंटेल आरएसटी किंवा रेड चालू असण्याची दाट शक्यता आहे. ते बदलून थेट एएचसीआय हा साधा मोड केला तर लिनक्सला डिस्क दिसते, पण विंडोज ‘इनअ‍ॅक्सेसिबल बूट डिव्हाइस’ म्हणून आडवी होते, कारण तिने एएचसीआयचा ड्रायव्हर सुरुवातीला उचललेलाच नसतो. क्रम असा ठेवा: विंडोजमध्ये ‘एमएसकॉन्फिग’ उघडून बूट टॅबमध्ये सेफ बूटवर खूण करा, रीस्टार्ट करून थेट बायोसमध्ये जा, एएचसीआय करा, सेव्ह करा, विंडोज सेफ मोडमध्ये उठते आणि ड्रायव्हर उचलते, मग खूण काढून पुन्हा रीस्टार्ट. सेफ मोडमध्ये चार आकडी पिन अनेकदा चालत नाही, खात्याचा खरा पासवर्ड लागतो. तो आठवतो का, हे आधी तपासा. इथे अडकलेले लोक कमी नाहीत.

चौथी, जागा. सी ड्राइव्ह विंडोजच्याच डिस्क मॅनेजमेंटमधून ‘श्रिंक व्हॉल्यूम’ने आक्रसून घ्या, लिनक्सच्या साधनाने विंडोजचे पार्टिशन कापू नका. २५६ जीबीची एसएसडी विंडोजला २३८ जीबीच दिसते, कारण कंपनी हजाराने मोजते आणि विंडोज १०२४ ने. त्यातले ७५ लिनक्सला दिले तर विंडोजकडे १६० च्या आसपास उरतात. दोघींनाही हालचालीला जागा राहते. श्रिंकच्या खिडकीत आकडा एमबीमध्ये भरायचा असतो, म्हणजे ७५ गुणिले १०२४, ७६८००. ५१२ च्या डिस्कवर विंडोज २००, लिनक्स ८० आणि उरलेले साधारण १९० सामाईक डेटासाठी एनटीएफएस (विंडोजची फाइल ठेवण्याची पद्धत), अशी वाटणी बरी. २५६ मध्ये तिसरे पार्टिशन करू नका, सगळीकडेच चिमटा बसतो.

सी मध्ये १२० जीबी रिकामे दिसतात, पण श्रिंक मात्र १८ च देते, असे हमखास होते. कारण मध्यभागी न हलणाऱ्या फाइल ठाण मांडून बसलेल्या असतात: पेजफाइल, हायबरनेशनची फाइल, सिस्टिम रिस्टोअरचे साठे. अ‍ॅडमिनिस्ट्रेटर कमांड प्रॉम्प्टमध्ये ‘पॉवरसीएफजी /एच ऑफ’ द्या, व्हर्च्युअल मेमरीत ‘नो पेजिंग फाइल’ निवडा, सिस्टिम प्रोटेक्शन बंद करा, रीस्टार्ट करा आणि मग श्रिंक करून बघा. काम झाले की पेजफाइल आणि प्रोटेक्शन पुन्हा चालू करायला विसरू नका. हायबरनेशन बंदच राहू द्या. का ते पुढे येते.

डेटाची प्रत बाहेरच्या डिस्कवर घेतल्याशिवाय यातले काहीही करू नका. डेस्कटॉप असेल तर यूपीएसवर, लॅपटॉप असेल तर बॅटरी भरून चार्जर लावून. पार्टिशन आक्रसत असताना वीज गेली तर पुढचे काम डेटा रिकव्हरीवाल्याकडे. पावसाळ्यात तर हा धोका पत्करूच नये.

इन्स्टॉलरमध्ये ‘समथिंग एल्स’ निवडले तर रिकाम्या जागेत एकच एक्स्ट४ (लिनक्सच्या पद्धतीचे) पार्टिशन करा आणि त्याचा माउंट पॉइंट नुसती तिरकी रेघ ठेवा. वेगळे स्वॅप (रॅम कमी पडली की वापरायची डिस्कवरची जागा) नको. मिंट-उबुंटू स्वॅपची फाइल स्वतःच करतात. ईएफआय पार्टिशन आहे तेच वापरायचे आणि त्याच्यापुढचा ‘फॉरमॅट’चा चौकोन रिकामा आहे याची दोनदा खात्री करायची. तिथे खूण राहिली तर विंडोजचा बूटलोडर पुसला जातो. विंडोजने केलेले ईएफआय पार्टिशन साधारण १०० एमबीचे असते. मिंट-उबुंटूला तेवढे पुरते, कारण ते तिथे बूटलोडरच्या काही एमबीच ठेवतात, कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, आपल्या पार्टिशनमध्ये राहतो. पॉप ओएससारख्या सिस्टिम कर्नलही ईएफआयमध्ये ठेवतात. तिथे १०० एमबीत भागत नाही.

सिक्युअर बूट चालू ठेवून एनव्हिडियाचा ड्रायव्हर किंवा एखाद्या वायफायचा बाहेरचा ड्रायव्हर टाकलात, तर इन्स्टॉलर एक पासवर्ड ठरवायला लावतो. पुढच्या रीस्टार्टला निळ्या पडद्यावर ‘एनरोल मोक’ निवडून तोच पासवर्ड द्यायचा असतो. हा पडदा काही सेकंदच थांबतो. चहा घ्यायला गेलात की संधी हुकते आणि ड्रायव्हर बसूनही वायफाय चालत नाही. ड्रायव्हर काढून पुन्हा टाकला की पडदा परत येतो.

घड्याळ साडेपाच तास चुकते

मदरबोर्डवर एक घड्याळाची चिप असते, मशीन बंद असतानाही ती चालते. विंडोज तिच्यात स्थानिक वेळ लिहिते. लिनक्स जागतिक वेळ, म्हणजे भारतीय वेळेच्या साडेपाच तास मागची. सकाळी १० ला लिनक्स बंद केले तेव्हा चिपमध्ये ४:३० होते. विंडोज उठली, तिने ते भारतीय वेळ समजून वाचले आणि पडद्यावर ४:३० दाखवले. नेट मिळाल्यावर तिने वेळ सुधारली आणि चिपमध्ये १० लिहिले. आता लिनक्स उठले तर त्याने त्या १० मध्ये साडेपाच मिळवले, दुपारचे ३:३०. दोघीही नेटवरून आपापली चूक दुरुस्त करतात, म्हणून नेट असलेल्या घरात हा दोष कधी दिसतो, कधी दिसत नाही. पहाटे ५ ला नेटशिवाय विंडोज उघडली तर घड्याळ आदल्या रात्रीचे साडेअकरा म्हणते, म्हणजे तारीखही आदल्या दिवसाची. टॅलीत नोंदी करणाऱ्याला हे महागात पडते.

उपाय दोन आहेत, पण करायचा एकच. भारतात राहणाऱ्यांना सोपा असा: लिनक्सच्या टर्मिनलमध्ये ‘टाइमडेटसीटीएल सेट-लोकल-आरटीसी १’. आता लिनक्सही चिपमध्ये स्थानिक वेळ लिहील. नंतर नुसते ‘टाइमडेटसीटीएल’ दिले तर ते एक लांबलचक इशारा दाखवते. त्याचा मुख्य रोख वर्षातून दोनदा घड्याळ पुढे-मागे करणाऱ्या देशांकडे आहे. भारतात घड्याळ वर्षभर एकच असल्याने काळजी नाही. लंडन किंवा न्यू जर्सीतल्या मराठी घरात मात्र हा उपाय मार्च आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरात घोळ घालतो. त्यांनी दुसरा करावा, म्हणजे विंडोजलाच जागतिक वेळ शिकवावी. रजिस्ट्री एडिटरमध्ये लोकल मशीन, सिस्टिम, करंट कंट्रोल सेट, कंट्रोल, टाइमझोन इन्फर्मेशन या वाटेने जा. तिथे ‘रिअलटाइमइजयुनिव्हर्सल’ नावाची नवी नोंद करा, चारही शब्द जोडून, प्रत्येकाचे पहिले अक्षर कॅपिटल. प्रकार डीवर्ड, किंमत १. दोन्ही उपाय एकदम केलेत तर चूक उलटी होते: आता विंडोज साडेपाच तास पुढे.

फरक बरोबर साडेपाच तासांचा नसेल, किंवा तारीख थेट काही वर्षे मागे गेली असेल, तर यात ड्युअल बूटचा दोष नाही. मदरबोर्डवरचा सीआर२०३२ सेल संपला आहे. तीन व्होल्टचा गोल चपटा सेल, घड्याळवाल्याकडे मिळतो. तो संपला की बायोसची सेटिंगही मूळपदावर जाऊ शकतात, त्यात वर सांगितलेला साटा मोडही आला. काल चालणारी विंडोज आज अचानक ‘इनअ‍ॅक्सेसिबल बूट डिव्हाइस’ म्हणत असेल तर आधी सेल बघा.

डी ड्राइव्ह उघडतो, पण लिहू देत नाही

कारण फास्ट स्टार्टअप. विंडोज ८ पासून ‘शटडाऊन’ म्हणजे पूर्ण बंद नव्हे. विंडोजचा गाभा डिस्कवर गोठवून ठेवला जातो आणि एनटीएफएस ड्राइव्ह अर्धवट उघड्या अवस्थेत राहतात. लिनक्सला ते कळते आणि ते लिहायला नकार देते, किंवा ड्राइव्ह उघडतच नाही. शहाणपणच करते. ‘रीस्टार्ट’ मात्र खरे बंद करते. म्हणून विंडोजमधून रीस्टार्ट करून लिनक्समध्ये गेलात तर सगळे चालते, आणि रात्री शटडाऊन करून सकाळी लिनक्स उघडले तर चालत नाही. ‘परवा होत होते’चे कोडे एवढेच.

कंट्रोल पॅनेल, पॉवर ऑप्शन्स, ‘चूज व्हॉट द पॉवर बटन्स डू’, मग वरची ‘चेंज सेटिंग्ज’ची निळी ओळ, आणि खाली ‘टर्न ऑन फास्ट स्टार्टअप’ची खूण काढा. मोठ्या अपडेटनंतर ती पुन्हा उगवलेली आढळते. मुळावर घाव घालायचा तर वरचे ‘पॉवरसीएफजी /एच ऑफ’. हायबरनेशनच गेले की फास्ट स्टार्टअपलाही थारा राहत नाही. एसएसडीवर दोन-चार सेकंद जास्त लागतील, इतकेच. नेटवर यावर ‘एनटीएफएसफिक्स’ चालवण्याचा किंवा हायबरनेशनची फाइल लिनक्समधून पुसण्याचा सल्ला भेटतो. विंडोजमध्ये काम उघडे ठेवून हायबरनेट केले असेल तर ते काम त्यासोबत जाते. विंडोजमध्ये जाऊन रीस्टार्ट करायला दोन मिनिटेही लागत नाहीत, तेच करावे.

मेनू गायब

लगेच काही दुरुस्त करायला घेऊ नका. मशीन चालू करताना बूट मेनूची कळ दाबा: डेल, लेनोवो, एसर यांना एफ१२, एचपीला एफ९, आसुसच्या लॅपटॉपला एस्केप, डेस्कटॉप बोर्डांत गिगाबाइटला एफ१२, एमएसआयला एफ११, आसुसला एफ८. यादीत ‘उबुंटू’ दिसते का बघा. मिंट टाकले असले तरी नाव उबुंटूच असते; ‘माझे मिंट कुठे गेले’ म्हणून हबकू नका. ते निवडून लिनक्स उठले तर काहीच मोडलेले नाही. विंडोजच्या अपडेटने क्रमात स्वतःला वर नेले आहे. बायोसमध्ये जाऊन उबुंटू पुन्हा वर ठेवा.

नावच नसेल तर बहुधा बायोस अपडेटने यादी पुसली आहे. ईएफआय पार्टिशनमधल्या फाइल तशाच असतात. मिंटचा पेनड्राइव्ह यूईएफआयमध्ये सुरू करा, त्यातच ‘बूट रिपेअर’ हे साधन आहे, त्याचा शिफारस केलेला पर्याय निवडा. काही कंपन्यांचे फर्मवेअर क्रम मानतच नाही, कितीही वर ठेवा, पुढच्या वेळी पुन्हा विंडोज बूट मॅनेजर. अशा मशीनवर रोज बूट मेनूची कळ दाबणे हा उपाय रडका वाटतो, पण खेळखंडोबा सगळ्यात कमी करतो.

‘व्हेरिफाइंग शिम एसबॅट डेटा फेल्ड’ आणि खाली ‘समथिंग हॅज गॉन सीरियसली राँग’ असे काही येऊन मशीन बंद पडत असेल, तर ते वेगळे प्रकरण. १३ ऑगस्ट २०२४ च्या विंडोज अपडेटने जुन्या, धोकादायक ठरलेल्या लिनक्स बूटलोडरांना सिक्युअर बूटमधून बाद करणारी यादी टाकली. ड्युअल बूट असलेल्या मशीन वगळायच्या होत्या, पण बऱ्याच ओळखल्याच गेल्या नाहीत. मायक्रोसॉफ्टची पक्की दुरुस्ती मे २०२५ च्या अपडेटमध्ये आली. अडकलेल्या मशीनवर बिटलॉकरची की हाताशी ठेवून बायोसमध्ये सिक्युअर बूट बंद करा. लिनक्समध्ये जाऊन ‘सुडो मोकयुटिल --सेट-एसबॅट-पॉलिसी डिलीट’ द्या. रीस्टार्ट करून पुन्हा एकदा लिनक्समध्येच जा. सगळे अपडेट घ्या. मग सिक्युअर बूट चालू करा. पेनड्राइव्हही जुन्या लिनक्सचा असेल तर तोही याच कारणाने नाकारला जातो, नवी आयएसओ (इन्स्टॉलची फाइल) उतरवून घ्या.

उलटे गाऱ्हाणे, मेनू येतो पण त्यात विंडोजच नाही: लिनक्सचा बूटलोडर ग्रब याच्या २.०६ आवृत्तीपासून दुसऱ्या सिस्टिम शोधणारा ‘ओएस-प्रोबर’ मुळात बंद असतो. ‘/ईटीसी/डीफॉल्ट/ग्रब’ ही फाइल सुडोने (मालकाच्या अधिकाराने) उघडा, ‘ग्रब_डिसेबल_ओएस_प्रोबर=फॉल्स’ ही ओळ टाका; डावीकडची सगळी अक्षरे कॅपिटल, ‘फॉल्स’ लहान अक्षरांत. मग ‘सुडो अपडेट-ग्रब’. विंडोज सापडल्याची ओळ पडद्यावर दिसायला हवी. त्याच फाइलमध्ये मेनू किती सेकंद थांबावा हेही ठरते. घरात इतरही लोक मशीन वापरत असतील तर १० सेकंद ठेवा आणि आपोआप विंडोजच सुरू होईल असे करा. लाइट बिल भरायला बसलेल्या माणसाला काळ्या पडद्यावरचा मेनू दिसला की पहिला फोन तुम्हालाच येतो.

ब्लूटूथ

माउस मशीनला तिच्या पत्त्यावरून ओळखतो. पत्ता दोन्ही सिस्टिममध्ये एकच, पण जोडणीची गुप्त किल्ली प्रत्येक सिस्टिम स्वतःची बनवते. लिनक्समध्ये जोडले की विंडोजची किल्ली बाद होते आणि उलटही तेच. एका सिस्टिममधली किल्ली दुसरीत नेता येते, पण त्या उठाठेवीपेक्षा यूएसबी रिसीव्हरचा माउस घेतलेला बरा. हेडफोनला अनेक जोडण्या लक्षात राहत असल्या तरी इथे उपयोग नाही, त्याच्या लेखी हे मशीन एकच आहे.

लिनक्स काढून टाकताना

सगळ्यात जास्त मशीन इथेच अडकतात, कारण लोक आधी पार्टिशन पुसतात. बूटलोडर मागे राहतो, त्याला त्याचा मेनू सापडत नाही आणि काळ्या पडद्यावर नुसते ‘ग्रब’ लुकलुकत राहते. क्रम उलटा ठेवा. आधी बायोसमध्ये विंडोज बूट मॅनेजर पहिला करा, दोनदा रीस्टार्ट करून विंडोज थेट उठते हे बघा, मगच डिस्क मॅनेजमेंटमध्ये लिनक्सचे पार्टिशन पुसा. लीगसी मशीनवर बायोसच्या क्रमाने भागत नाही. विंडोजच्या इन्स्टॉलेशन पेनड्राइव्हवरून कमांड प्रॉम्प्ट उघडून ‘बूटरेक /फिक्सएमबीआर’ आधी द्यावे लागते.

पुसलेली जागा सी ला परत जोडताना ‘एक्स्टेंड व्हॉल्यूम’ फिकट दिसत असेल तर ती जागा सी च्या लगेच उजवीकडे नाही, मध्ये एखादे रिकव्हरी पार्टिशन आले आहे. ते हलवण्याच्या फंदात न पडता त्या जागेचा वेगळा ड्राइव्ह करून टाका. ईएफआय पार्टिशनमध्ये उबुंटू नावाचा फोल्डर मागे राहतो, काही एमबीचा. तो राहिला तरी बिघडत नाही.